बोर्ड नंतर बघू

चतुर्थी संपली की आमच्या फोंड्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं एकाएकी गंभीर दिसायला लागतात. गट आधीच ठरलेले असतात, गाइडही मिळालेला असतो. पण गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची, देखाव्याचं लायटिंग करायचं, आरत्यांना घरोघर फिरायचं या गडबडीत प्रोजेक्ट म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक ग्रुप, एवढंच असतं. विसर्जन झालं की सिनॉप्सिसची तारीख दिसते आणि माझ्या दारात अनोळखी चपला जमू लागतात. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलच्या कामात आहे. ‘काका पीएलसीचं (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) करतात’ एवढी माझी कीर्ती वाड्यावर पुरेशी आहे.

येणारा पहिला प्रश्न ठरलेला: “काका, बोर्ड कुठलं घेऊ?” म्हणजे प्रोजेक्टचा मेंदू म्हणून कुठला छोटा संगणक: आर्डुइनो, ईएसपी३२, रास्पबेरी पाय, की एकदम पीएलसी? कुठल्या सीनियरने काय वापरलं, कशाला किती मार्क मिळाले, याची माहिती तोंडपाठ असते. चालवायचं काय आहे, हे मात्र अजून ठरायचं असतं.

यंदा आली ती आमच्याच वाड्यावरची, इलेक्ट्रिकलची मुलगी. तिघींचा गट. विषय ‘स्मार्ट वॉटर मॅनेजमेंट’. ‘स्मार्ट’ हा शब्द प्रोजेक्टच्या नावांतून काही वर्षं हद्दपार करावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. स्मार्ट कचरापेटी, स्मार्ट छत्री, स्मार्ट तुळशीवृंदावनसुद्धा मी बघितलंय. पण तिला तसं बोललो नाही. विचारलं, “कसलं पाणी गो?”

“म्हणजे... टाकी वगैरे.”

“टाकी भरली की पंप बंद करायचा, हे काम माडीवरचा फ्लोट स्विच करतो. त्यात तू काय करणार?”

ती गप्प बसली, पण उठून गेली नाही. मला ते आवडलं.

बोर्डाचा प्रश्न वाईट नाही, फक्त फार लवकर येतो. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी जन्माला आलं ते डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सशी फारसं देणंघेणं नव्हतं अशांसाठी. त्याच्या नेहमीच्या उनो (आर३) बोर्डावरच्या चिपचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख टिकटिक करतं, प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट जागा, चालू कामासाठी २ किलोबाइट. फोनच्या मानाने हे काहीच नाही, आणि पाण्याच्या पातळीच्या मानाने प्रचंड आहे. पीएलसीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला गाडीचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांची, पॅनेलं उसकटून पुन्हा वायर करावी लागत. त्यावर तोड म्हणून १९६८ साली डिक मॉर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या मंडळींनी जे यंत्र आखलं त्याचं नाव मोडिकॉन ०८४. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रोजेक्ट, म्हणून हा आकडा. रिलेचे नकाशे वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला नवं काही शिकावं लागू नये, म्हणून प्रोग्रॅमही शिडीसारख्या आकृतीतच लिहायचा. आज माझ्या हाताखालचा आयटीआयचा पोरगा ती शिडी वर्तमानपत्रासारखी वाचतो. म्हणजे दोन्ही यंत्रं आधी कुणाची तरी अडचण बघून झाली. हे मी तिला सांगितलं आणि रविवारी दिवाडीला चल म्हटलं.

दिवाडीलाच का, तर तिच्या आजोळची थोडी खाजन शेती तिकडे आहे, हे मला ठाऊक होतं. बाणस्तारीवरून जुनं गोवं, तिथून फेरीबोट. उतरल्यावर बांधाच्या कडेने चालत गेलो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मांडवी-जुवारीच्या काठची ही शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. चिखलाचे बांध घालून खाऱ्या पाण्यातून ती ओढून काढलेली, तीही पोर्तुगीज १५१० साली इथे यायच्या कितीतरी आधी. आत कोरगुटासारखा, थोडं मीठ सोसणारा भात. पावसाळ्यात पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो आणि ते पाणी नदीत सोडून द्यावं लागतं. नदीचं पाणी मात्र आत येता कामा नये. हे सगळं जिथून चालतं ती मानस.

मानस म्हणजे बांधातलं दगडी तोंड आणि त्यात बसवलेली लाकडी दारं. दारं फक्त नदीकडे उघडतात. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर पडतं. भरती लागली की नदीच त्याच दाराला चौकटीवर दाबून धरते. तिथे एक म्हातारा बसला होता, जन्मभर मानशीवर काढलेला. तो म्हणाला, “सुकती लागली की दार आपशींच उगडटा.” सुकती म्हणजे ओहोटी. सेन्सर नाही, मोटर नाही, वीज नाही. ज्या फळीला पातळीतला फरक कळतो तीच फळी हलते.

मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने जो प्रश्न विचारला त्यासाठी मी तिला मनात पैकीच्या पैकी दिले. “मग काका, इथे आम्ही करायचं काय? हे तर चालतंय.”

मी म्हटलं, “म्हाताऱ्याला विचार, तो दिवसभर इथे काय करतो ते.”

इथे थोडं विषयांतर करतो. निकोलस मिनॉर्स्की हा मूळचा रशियन, पुढे अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. १९२२ साली त्याने जहाज आपोआप दिशेवर ठेवण्याबद्दल लेख लिहिला. आज कारखान्याकारखान्यांत चालणारं पीआयडी कंट्रोल, म्हणजे चूक मोजून यंत्राला आपोआप जागेवर आणायची पद्धत, जिचे तीन तुकडे मुलं परीक्षेला घोकतात, तिची पहिली नीट गणिती मांडणी त्या लेखात आहे. आणि त्याने सुरुवात केली ती सुकाणू धरणाऱ्या माणसाकडे बघून. चांगला सुकाणूवाला आत्ता दिशा किती चुकलीय एवढंच बघत नाही. आतापर्यंत किती चुकत आली आणि किती वेगाने चुकतेय, हेही तो धरून चालतो. पुस्तकात पी, आय, डी अशी तीन अक्षरं येतात, सुकाणूवाला येत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं हे गणितातूनच उगवलं.

तर म्हाताऱ्याचं काम. उन्हाळ्यात मिठाचं पाणी थोडं आत घ्यावं लागतं, नाहीतर पोंय, म्हणजे बांधाच्या आतलं तळं, सुकते, मासळी मरते, चिखलाच्या बांधाला भेगा पडतात. ते किती घ्यायचं, हे तो फळ्या घालून-काढून ठरवतो. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की दार बंद आणि आतलं पाणी चढत जाणार. अशा वेळी ओहोटीचा प्रत्येक तास महत्त्वाचा. भरती-ओहोटीचा एक फेरा साधारण १२ तास २५ मिनिटांचा, म्हणून रोजची वेळ कालच्यापेक्षा पाऊण-एक तास पुढे सरकते. म्हातारा मध्यरात्रीही उठून येतो. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक सर्व्हे ऑफ इंडिया छापतं, पण नदीतून वर येता येता भरतीला उशीर होतो. तो उशीर या मानशीपाशी किती, ते म्हाताऱ्याच्या अंगात आहे, कागदावर कुठेच नाही.

आणि मग खरी गोम. मानशीची पावणी होते, म्हणजे तिथे मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो. ओहोटीला पाण्याबरोबर मासळी बाहेर पडते आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात येते. जितकं पाणी आत आलं आणि जोरात बाहेर गेलं, तितकी मासळी जास्त. भातवाल्याला नेमकं उलटं हवं. पाणी कमी, तेही सावकाश निघालेलं, कारण जोराच्या प्रवाहाने पोंयीचा तळ आणि बांधाचं मूळ उकरलं जातं. बांध फुटला तर खारं पाणी शेतात आणि पुढचे हंगाम हातचे गेले. मासळीसाठी दारं नको तेव्हा उघडी ठेवल्याच्या तक्रारी गोव्यातल्या खाजनांच्या गावांत नव्या नाहीत.

परतताना फेरीबोटीत ती म्हणाली, “म्हणजे सेटपॉइंट कुणाचा, हेच भांडण आहे.”

सेटपॉइंट म्हणजे पाणी कुठल्या पातळीला राखायचं तो ठरवलेला आकडा. कंट्रोलच्या पुस्तकात तो डाव्या बाजूने येणारा एक बाण असतो. तो कुठून येतो ते कुणी विचारत नाही. त्या बाणामागे दोन माणसं आणि एक लिलाव उभा आहे, हे तिला दिसलं, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवशी तिचा प्रोजेक्ट सुरू झाला. सिनॉप्सिसमधला ‘स्मार्ट’ तिने स्वतःच खोडला. नवं नाव लांबलचक झालं, पण त्यात पातळी, दार आणि हंगाम हे तिन्ही शब्द आले.

प्रत्यक्ष मानशीवर शेवटच्या वर्षाच्या मुलींनी मोटर बसवायची नाही, हे मी आधीच स्पष्ट केलं. कुणाच्या शेताशी खेळ नको. प्रयोगशाळेत दोन टाक्यांचं मॉडेल करायचं. एक नदी, एक पोंय, मध्ये दार. नदीच्या टाकीत पंपाने पाणी चढवायचं-उतरवायचं. तासाचं मिनिट केलं की १२ तास २५ मिनिटांची भरती-ओहोटी १२ मिनिटं २५ सेकंदांत बसते. परीक्षकांसमोर एक अख्खा फेरा दाखवता येतो, चहा गार व्हायच्या आत.

पण त्याआधी बादली. हा माझा आग्रह असतो आणि मुलांना तो अपमान वाटतो. एका सरळ भिंतीच्या डब्याला तळाशी भोक, आत चिकटवलेली पट्टी, समोर फोन व्हिडिओवर. पाणी सोडायचं आणि दर काही सेकंदांनी पातळी वहीत उतरवायची. पाणी भोकातून जातं ते वर असलेल्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे निम्मा डबा रिकामा व्हायला एकूण वेळाच्या तीन दशांशाहूनही थोडा कमी वेळ लागतो, उरलेला निम्मा रेंगाळतो. आलेख सरळ रेष येत नाही, वाकतो. तो वाकलेला आलेख तिघींनी स्वतः काढला, तेव्हा भरलेल्या टाकीवर जमवलेलं ट्यूनिंग (कंट्रोलरचे आकडे) अर्ध्या टाकीवर का बिघडतं, हे मला समजावत बसावं लागलं नाही. यात एकही बोर्ड नव्हतं. खर्च शून्य, डबा श्रीखंडाचा.

सेन्सरचा वाद मात्र झाला. कॉलेजच्या किटमध्ये दोन डोळ्यांचा तो अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, एचसी-एसआर०४. आवाज सोडतो, परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आणि ३२ अंशांना, म्हणजे आपल्या नेहमीच्या दुपारी, साधारण ३५१. फरक दोन टक्क्यांचा. एक मीटरवर दोन सेंटिमीटर. ती म्हणाली, दोन सेंटिमीटर काय मोठं? मी म्हटलं, एक हेक्टर शेतावर दोन सेंटिमीटर म्हणजे किती पाणी, कर हिशेब. दोनशे घनमीटर, दोन लाख लिटर. मॉडेलच्या टाकीत ती चूक काही मिलिमीटरांत लपून जाईल. पण रिपोर्टमध्ये ‘प्रत्यक्ष जागी वापरता येईल’ असं वाक्य टाकायचं असेल, तर शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग दुरुस्त करायला हवा. नाहीतर ते वाक्य टाकू नये. मला स्वतःला तरंगता फ्लोट आणि त्याच्या दांडीला जोडलेला पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा) जास्त आवडतो. बिघडला तर डोळ्यांना दिसतो.

दार हलवायला काय, हा प्रश्न सोपा गेला, कारण नरकासुर. दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुराचे जे पुतळे उभे राहतात त्यांचे हात, मान, डोळे हलवायला पोरं जुन्या गाडीची वायपर मोटर लावतात. १२ व्होल्टची, आत वर्म गिअर. वर्म गिअरमुळे वेग कमी, जोर जास्त, आणि वीज गेली तरी दार आपल्या वजनाने सहसा खाली सरकत नाही. तिच्या भावाच्या मंडळाकडे अशी एक मोटर पडून होती. फक्त ती किटमधल्या एल२९८एन ड्रायव्हरला, म्हणजे बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणाऱ्या चिपला, लावायची नाही. तो एका चॅनेलला दोन अँपिअरचा आणि त्यातही दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. वायपर मोटर जोर लागला की याहून कितीतरी जास्त ओढते, अडली तर विचारूच नका.

तेव्हा दोन रिले, एक वर, एक खाली. दोन्ही एकदम ओढले जाणार नाहीत असं वायरिंग. प्रोग्रॅममध्ये नव्हे, तारेतच. वर आणि खाली, दार टोकाला लागलं की मोटर तोडणारे लिमिट स्विच, त्यांचे नेहमी जोडलेले असणारे कॉन्टॅक्ट मालिकेत; म्हणजे तार तुटली तरी मोटर थांबेल, धावत सुटणार नाही. प्रत्येक कॉइलला उलटा डायोड, १एन४००७, रुपया-दोन रुपयांचा. तो नसेल तर रिले सुटताना कॉइलमधून जो झटका येतो त्याने बोर्ड मध्येच रिसेट होतं, आणि पोरं रात्रभर कोडमधली चूक शोधत बसतात. मोटरचा सप्लाय वेगळा, बोर्डाचा वेगळा. पहिला आठवडा या सप्लायवरच घालवा, असं मी सांगतो. कुणी ऐकत नाही, कारण सप्लाय व्हिडिओत छान दिसत नाही.

पातळीला एकच आकडा देऊ नका, हेही. वीस सेंटिमीटरला उघड आणि वीसलाच बंद म्हटलं, तर पंपाच्या लाटेने मोटर थरथरत राहील. वीसला उघड, सतराला बंद. मधले तीन सेंटिमीटर मोटरच्या आयुष्यासाठी. आश्चर्य म्हणजे यावर म्हाताऱ्याचं उत्तर हेच होतं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिने विचारलं, पाणी किती चढलं की फळी काढता? त्याने दगडावरच्या दोन खुणा दाखवल्या. एक काढायची, एक घालायची.

गाइडने मध्येच सांगितलं, यात आयओटी (यंत्र इंटरनेटला जोडणं) आणि एआय घाला, परीक्षकांच्या पॅनेलला आवडतं. तिघी रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, आयओटी घाला, पातळी फोनवर दिसू दे, त्याने बिघडत काही नाही. पण दार फोनवरून हलता कामा नये. एआयचं गाइडला विचारा, शिकवायला आकडे कुठून आणायचे. तुमच्याकडे बादलीची एक वही आहे. ते प्रकरण तिथेच थंडावलं.

आता कुठल्याही कंट्रोल पॅनेलवर एक तीन जागांचा स्विच असतो: हाताने, बंद, आपोआप. कुंडईतल्या पंपापासून ओप्यासारख्या जलशुद्धीकरणाच्या कामापर्यंत ही पद्धत सगळीकडची. तो तिने घेतलाच, कारण म्हाताऱ्याला डावलून चालणारं यंत्र गावात कुणी ठेवणार नाही. पण त्यातून असा प्रश्न निघाला की मलाही बसून विचार करावा लागला. वीज गेली, आणि परत आली. आमच्याकडे पावसात ती जाणारच. तेव्हा दाराने काय करायचं?

कारखान्यातलं उत्तर मला पाठ आहे. मोटरचा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि वीज आल्यावर आपण होऊन लागत नाही. कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबायचं, कारण मधल्या वेळात कुणी यंत्रात हात घातलेला असू शकतो. म्हणजे दार जिथे होतं तिथेच राहील. पण मानशीवर रात्री दोन वाजता हिरवं बटण दाबायला कोण आहे? दार अर्धं उघडं अडकलं आणि भरती लागली, तर खारं पाणी सरळ भातात. उलट, वीज येताच आपोआप सुरू होऊ दिलं, तर फळीत हात घालून बसलेल्या म्हाताऱ्याचं काय? मोठी बॅटरी लावा, ही माझी सूचना तिने ऐकून घेतली आणि वहीत लिहिलीसुद्धा नाही.

काही दिवसांनी ती नकाशा घेऊन आली. मोटरचं दार तिने आतल्या बाजूला सरकवलं होतं, आणि नदीच्या बाजूला जुनी लाकडी झडप तशीच ठेवली होती, बिनतारेची, बिनमोटरची. मोटरने फक्त पाणी किती जोरात बाहेर जाईल ते ठरवायचं. नदीला अडवायचं काम झडपेचं. वीज गेली, बोर्ड जळलं, कुणी चुकीचा आकडा टाकला, तरी भरती आत येणार नाही. हिरव्या बटणाला सकाळपर्यंत थांबता येतं. उन्हाळ्यात मिठाचं पाणी आत घ्यायचं काम पूर्वीसारखंच म्हाताऱ्याच्या हाताने.

पहिल्या सादरीकरणात एका परीक्षकाने विचारलं म्हणे, की मुख्य काम झडपच करत असेल, तर तुमच्या कंट्रोलरचं काम उरलं किती? तिने बादलीचा आलेख लावला आणि दोन टोकांची तुलना दाखवली: दार पूर्ण उघडं असताना ओहोटीच्या सुरुवातीला पाण्याचा लोट किती, आणि दार आवरतं धरल्यावर किती. बांधाचं मूळ उकरतं ते त्या सुरुवातीच्या लोटात, एवढंच तिचं म्हणणं. परीक्षकाने मान हलवली, पुढच्या वेळी हे मॉडेलवर मोजून दाखवा म्हणाला.

आता त्यांचं घोडं अडलंय ते झडपेवर. प्लायवूडची केली तर दोन दिवसांत फुगून चौकटीत घट्ट बसते, ॲक्रिलिकची केली तर तरंगून अर्धी उघडी राहते. रबराचा तुकडा, बिजागरीची जागा, फळीचं वजन, सगळं जमवून देईल असा सुतार फोंड्यात शोधताहेत. एकाने कबूल केलंय, पण तो सध्या नरकासुराच्या सांगाड्यांत गुंतलाय. दिवाळीनंतर या, म्हणाला.